टॅपेटची कैफियत

ज्या गावात मागांचा खडखडाट माणसाच्या झोपेतही चालू असतो, जिथले लोक घरातल्या घरात बोलतानासुद्धा आवाज एक पट्टी चढवूनच बोलतात आणि ज्याच्या अंगावरून आग्रा रस्त्याची अवजड वाहतूक अहोरात्र वाहते, त्या भिवंडीस जाऊन आपल्या मोटारीच्या इंजिनातली एक बारीकशी टिकटिक जाणत्या कानाला ऐकवून यावी, असा सल्ला माझ्या एका स्नेह्याने मला दिला, तेव्हा तो थट्टा करीत आहे अशीच माझी समजूत झाली. या स्नेह्याचे अंजूरफाट्याजवळ गोदाम आहे, आणि त्याच्या टेम्पोंच्या इंजिनांची कामे कल्याण नाक्याच्या आतल्या अंगाला, मागांच्या शेडांनी दोन्ही बाजूंनी आवळलेल्या एका गल्लीतला एक वयस्क मिस्त्री गेली अनेक वर्षे करीत आला आहे. “गाडी गुरुवारी संध्याकाळी नेऊन ठेव आणि तू शुक्रवारी सकाळी जा, दुसऱ्या कुठल्या वारी गेलास तर तो बोनेट उघडणार नाही,” एवढी ताकीद देऊन, कारण मात्र न सांगता, स्नेही मोकळा झाला.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. जिने एके काळी ठाण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला लग्नाला, दवाखान्याला आणि महाबळेश्वरला नेऊन आणले, तिची ज्यांना ओळख आहे त्यांना ती पुन्हा करून देणे हा आगाऊपणा होईल. तरी नव्या वाचकासाठी दप्तरी नोंद म्हणून एवढे सांगितले पाहिजे, की सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 ही गाडी 1954 पासून तयार होऊ लागली, 1964 पासून तिचा ‘डिलाइट’ हा अवतार आला, आणि त्याच अवताराला दहा वर्षांनी पद्मिनी हे नाव मिळाले. नाव चितोडच्या राणीचे, पण काळीज तुरीनचे. तिचे 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन इटलीत 1937 सालीच जन्मास आले होते, आणि 68 मिलिमीटरचा बोअर व 75 मिलिमीटरचा स्ट्रोक ही त्याची मूळ कुंडली शेवटपर्यंत बदलली नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, ती रस्त्यावरून उतरली. माझ्यासारख्या खाजगी मालकांच्या गाड्या मात्र फेरनोंदणीच्या खेपा घालीत अजून कशाबशा टिकून आहेत.

टिकटिकीला एक पूर्वपीठिका आहे. दोन वर्षांपूर्वी असाच आवाज आला असता, दुसऱ्या एका शहरातल्या एका चकचकीत गॅरेजात मी गाडी नेली होती. तिथल्या माणसाने अर्ध्या तासात आवाज असा काही बंद केला, की मी त्याला ठरल्यापेक्षा पन्नास रुपये अधिक दिले. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. पुढे तीन महिन्यांनी सकाळच्या वेळी एक सिलिंडर मिसिंग मारू लागला, चढावर ओढ कमी झाली, आणि शेवटी हेड उतरवले तेव्हा एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा, उंदराने पापडाला दात लावावेत तशी, खाल्लेली निघाली. व्हॉल्व्ह जळाला होता. तो का जळाला, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. पन्नास रुपये खुशीने दिलेल्या माणसाला पुढचे प्रश्न विचारणे अवघड जाते.

गुरुवारी संध्याकाळी मी गल्लीत पोहोचलो, तेव्हा मिस्त्रींनी बोनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. “आज हात लावायचा नाही, साहेब. तापलीय. रात्रभर निवू द्या,” एवढे बोलून त्यांनी चावी खिळ्याला अडकवली.

ही निवण्याची अट लहरीची नव्हे. व्हॉल्व्ह उघडण्याची व्यवस्था इंजिनात जी केलेली असते ती जुन्या मुलकी कारभाराची आठवण करून देणारी आहे. हुकूम सुटतो तो खाली ठोकळ्यात बसलेल्या कॅमशाफ्टाकडून. तो प्रथम टॅपेटाला रुजू होतो, टॅपेट तो पुशरॉडच्या हाती देते, पुशरॉड तो वर हेडपर्यंत पोहोचवतो, तिथे रॉकर आपल्या आसाभोवती झुकून तो व्हॉल्व्हच्या दांड्यावर बजावतो, आणि व्हॉल्व्ह खाली दबून वाट उघडतो. हुकूम सरला की स्प्रिंग त्याला परत जागेवर बसवते. या उतरंडीत रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये कारखानदाराने जाणूनबुजून एक फट ठेवलेली असते. ती इतकी बारीक, की दाढीचे साधे पाते जाडीला मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरते, त्याच्या दीडपट ते चौपट एवढ्यातच बहुतेक इंजिनांचा कारभार आटोपतो. इंजिन तापले की पोलाद वाढते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे तोंड तर भर कामात सातशे अंशांच्या आसपास लालबुंद होऊन त्याचा दांडा लांबतो, आणि त्या लांबण्याला जागा हवी म्हणून ती फट. एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा बहुधा मोठी सांगितलेली असते, तीही याच सबबीने. थंड इंजिनाचा आकडा तापलेल्या इंजिनावर लावला, तर हिशेब ज्या तारखेचा त्या तारखेला न मांडल्यासारखे होते.

फट वाढली, तर रॉकर दांड्यावर टेकण्याऐवजी आपटतो. कॅमच्या उंचवट्याच्या पायथ्याशी जो सौम्य उतार ठेवलेला असतो, त्याच्यावरून हळूच चढण्याची संधी हुकते आणि थेट चढणीवर गाठ पडते. त्या आपटण्याचाच तो टिकटिक आवाज. व्हॉल्व्ह किंचित उशिरा उघडतो, किंचित लवकर मिटतो, ओढ थोडी घटते, कानाला त्रास होतो. फट नाहीशी झाली, तर मात्र आवाज काहीच होत नाही आणि व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. त्याच्या तोंडची बहुतेक उष्णता या बैठकीवाटेच हेडात उतरत असते. ती वाट बंद झाली, वर अर्धवट मिटल्या कडेवरून जळते वायू फुत्कारत राहिले, की कडा जळते. त्या चकचकीत गॅरेजातल्या माणसाने माझ्या इंजिनाची टिकटिक बंद केली होती ती फट मिटवून. हे मला दोन वर्षांनी, भिवंडीच्या एका स्टुलावर बसून, चहाच्या दुसऱ्या ग्लासाबरोबर कळले. “वाजणारा टॅपेट सांगून जातो, साहेब. गप्प बसलेला सांगत नाही,” असे मिस्त्री म्हणाले, आणि मग ग्लासातला उरलेला चहा त्यांनी गटारात ओतला.

शुक्रवारची सकाळ उजाडली, आणि स्नेह्याच्या ताकिदीचे कारण मला गल्लीच्या तोंडाशीच उमगले. माग बंद होते. त्या गल्लीतल्या शेडांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी. आदल्या संध्याकाळी जिथे कानात बोट घालून उभे राहावे लागले होते, तिथे आता कावळ्याचे ओरडणे, दूरच्या नाक्यावरचा भोंगा आणि नळाखाली कोणी बादली सरकवली तो आवाज, हे सगळे वेगवेगळे ऐकू येत होते. उरलेले सहा दिवस मिस्त्री क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स अशी डोळ्यांची आणि हातांची कामे करतात. कानाचे काम ते शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी उरकतात.

त्यांचे वडील मागांवर जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य: चाळीसपन्नास माग एकदम धडधडत असताना, त्यांतल्या कोणत्या मागाचा धोटा नीट बसत नाही आणि कोणत्याचा पट्टा सैल झाला आहे, हे शेडच्या दारात उभे राहून सांगणारा माणूस. मिस्त्री लहानपणी वडिलांचा डबा घेऊन शेडमध्ये जात, आणि टॅपेट हा शब्द त्यांनी प्रथम ऐकला तो तिथे, मोटारीच्या संबंधात नव्हे. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि मोटारीवर लिहिणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक नसावी, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

यंत्रमागाला दोन मुख्य दांडे असतात. वरच्या क्रँकशाफ्टाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक फणी एकदा पुढे येऊन बाण्याचे सूत ठोकते. खालच्या बॉटम शाफ्टावर लंबगोल चकत्या बसवलेल्या असतात, त्यांना टॅपेट म्हणतात. ताण्याची अर्धी सुते वर आणि अर्धी खाली करणाऱ्या चौकटी त्यांच्याच रेट्याने हलतात. साध्या विणीत पहिल्या ठोक्याला जी सुते वर, ती दुसऱ्या ठोक्याला खाली. दोन ठोक्यांनी एक आवर्तन पुरे होते, म्हणून बॉटम शाफ्ट क्रँकशाफ्टाच्या निम्म्या वेगाने फिरतो. मोटारीच्या इंजिनातही नेमके हेच. ओढणे, दाबणे, पेटणे आणि बाहेर टाकणे हे चार टप्पे क्रँकशाफ्टाच्या दोन फेऱ्यांत पुरे होतात, म्हणून कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. ज्याच्या बापाने आयुष्यभर एकास दोन हे प्रमाण कानाने मोजले, त्याच्या मुलाला इंजिनाची ही अर्धी चाल निराळी शिकवावी लागली नसेल. शब्दाचा प्रवास तर अधिक गमतीचा आहे. मागावर टॅपेट म्हणजे ठोसा देणारा. इंजिनात टॅपेट म्हणजे कॅमचा ठोसा खाणारा. आणि आपल्याकडच्या गॅरेजांत ‘टॅपेट सेट करणे’ म्हणजे या दोघांशीही प्रत्यक्ष संबंध नसलेली, वर रॉकरच्या टोकाशी असलेली रिकामी जागा मोजणे. शब्द खालून वर चढत गेला आणि शेवटी पोकळीत जाऊन बसला.

इंजिन सुरू झाले. मिस्त्री प्रथम चालकाच्या जागेवर बसून ऐकू लागले, बोनेटकडे आलेच नाहीत. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर इंजिन मंद चालत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह चारशे वेळा उघडतो, आठ मिळून बत्तीसशे. त्यातून एखाद्याचा ठोका निवडायचा. बेअरिंगचा ठोका क्रँकच्या पावलावर पाऊल टाकून येतो आणि जड, पोटातून आल्यासारखा असतो. टॅपेटचा निम्म्या गतीने, कोरडा, वरवरचा. मग त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. वायर काढल्यावर त्या सिलिंडरावरचा भार जातो, त्यामुळे बेअरिंगचा आवाज असता तर तो बदलला असता. टिकटिक तशीच राहिली. नंतर हातभर लांबीचा पेचकस टॅपेट कव्हरवर टेकवून त्याची लाकडी मूठ त्यांनी कानामागच्या हाडाला लावली आणि एखादा मुनीम जमाखर्चाच्या ओळीवरून बोट फिरवतो तसा तो पुढून मागे सरकवत नेला.

“दोन टॅपेटचे आहेत. तिसरा त्यांचा नाही,” त्यांनी जाहीर केले. मला एकच आवाज येत होता.

तिसऱ्याची शहानिशा त्यांनी रबरी नळीच्या तुकड्याने केली. नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या सांध्यावरून फिरवता एका जागी फट्‌फट् असा फुसका, वाऱ्याचा आवाज मोठा झाला. पॅकिंग फुटून धूर निसटत होता. असा आवाज थंडीत मोठा असतो, लोखंड तापून फुगले की सांधा आवळतो आणि तो लहान होतो; टॅपेट समजून त्याच्यापायी किती जणांनी आपले रॉकर विनाकारण पिळून घेतले असतील, याची गणती नाही.

इंजिन बंद करून त्यांनी ते पुन्हा निवू दिले. या रिकाम्या वेळात त्यांच्या हाताखालच्या पोऱ्याने चारही प्लग काढले, कव्हरच्या खाचेतली माती फडक्याने टिपली, नट सोडवले आणि कव्हर उचलले. आत काळसर तेलाने माखलेले आठ रॉकर एका दांड्यावर ओळीने बसलेले दिसले. पुढचे काम फिरवण्याचे. गाडी टॉप गिअरमध्ये घालून पोऱ्याने ती मागून इंचइंच ढकलायची आणि मिस्त्रींनी वर पाहत राहायचे. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना दिसले, एक मिटत असता दुसरा उघडू लागला, की पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण विसाव्याला आलेले असतात, तिथे “बस!” अशी हाक आणि पहिल्याची फट मोजायची. तसेच दुसऱ्या-तिसऱ्याचे साटेलोटे. अँबॅसडरवाले याहून सोपा हिशेब सांगत: आठ व्हॉल्व्हना पुढून क्रमांक द्या, जो पुरता उघडा असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करा, बाकी येईल तो मोजा.

फिलर गेजची पाती फटीत घालून ओढण्यात जो सराव लागतो, तो लिहून सांगता येत नाही. पाती सैल सुटली तर फट मोठी, घुसताना वाकली तर लहान. मधली जी किंचित धरून सोडणारी ओढ, ती पोऱ्याला कळावी म्हणून मिस्त्रींनी त्याची बोटे आपल्या बोटांखाली धरली. “फणीतून सूत ओढून घेताना जेवढं धरतं, तेवढंच,” ते म्हणाले. पोऱ्याने फणी कधी हाती धरली होती की नाही कोणास ठाऊक, पण त्याने मान डोलावली. स्क्रू एका हाताने धरून चेकनट आवळला, की तो स्क्रू स्वतःबरोबर पाव केसभर फिरवतो आणि जमवलेली फट बिघडते. म्हणून आवळल्यानंतर पुन्हा पाती घालायची. पोऱ्या हे तीनदा विसरला. तिन्ही वेळा मिस्त्रींनी नट सोडून काम पहिल्यापासून करवले, शब्दाने बोलले नाहीत.

सात रॉकर जमले. आठव्याशी खरा पेच होता. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची फट फिलरने तंतोतंत बरोबर येत होती, आणि पेचकसाच्या साक्षीने सर्वांत मोठा आवाज तिथलाच होता. मिस्त्रींनी रॉकरच्या टोकाखाली करंगळीचे नख घालून फिरवले, मग माझे बोट धरून तिथे लावले. नखाला बशीच्या मध्यासारखा एक उथळ खळगा लागला. वर्षानुवर्षे एकाच जागी दांडा आपटून रॉकरच्या तोंडाला घर पडले होते. फिलरची सपाट पाती त्या खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखी टेकत होती आणि दांड्याचे टोक मात्र खळग्याच्या तळापर्यंत जात होते. मोजमापाच्या कागदावर सगळे आलबेल, आणि प्रत्यक्षात फट मापाहून मोठी. सरकारी पाहणीचे अहवाल वाचण्याची ज्याला सवय आहे, त्याला या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही.

दांड्यासकट रॉकरांची जुडी त्यांनी उतरवली, तो एक रॉकर अलग केला आणि तेल सोडलेल्या बारीक दगडावर त्याचे तोंड घासू लागले. घासताना मूळची गोलाई राखायची. सपाट झाले तर दांडा एका कडेने रेटला जाऊन गाईड झिजते. शिवाय त्या तोंडावरची कडक कातडी पातळ असते, ती घासून गेली तर आतले मऊ पोलाद आठवड्याभरात पुन्हा खळगा धरते. खळगा उथळ होता म्हणून निभावले. वीसएक मिनिटे गल्लीत फक्त त्या घासण्याचा आवाज होता.

नव्या गाड्यांच्या नशिबी हे काही नाही. पुण्याजवळच्या रांजणगावी जे 1.3 लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होई आणि जे एके काळी अनेक कंपन्यांच्या गाड्यांतून धावत असे, त्यात तेलाच्या दाबाने आपली उंची आपणच जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तिथे पाती घालायला जागाच ठेवलेली नाही. ते वाजू लागले तर पेचकस नव्हे, तेलाची कांडी हाती घ्यायची: पातळी घटली आहे का, मुदत टळून तेलाचा गाळ झाला आहे का, बारीक वाटा तुंबल्या आहेत का. सकाळी पहिल्या दोनचार सेकंदांपुरता वाजून थांबत असेल, तर तेल रात्रीतून खाली उतरले होते एवढाच अर्थ. सीएनजीवर चालणाऱ्या, स्क्रूच्या टॅपेटांच्या गाड्यांची गोष्ट उलट आणि अधिक फसवी. वायू कोरडा; व्हॉल्व्ह बैठकीत हळूहळू रुतत जातो, दांडा वर येतो, आणि फट वाढण्याऐवजी मिटत जाते. मालक खूश, कारण गाडी दिवसेंदिवस शांत होत चाललेली. शिसे घातलेले पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बंद झाले, तेव्हा बिडाच्या हेडातच बैठक कोरलेल्या जुन्या इंजिनांना हाच धोका निर्माण झाला होता. शिशाचा लेप त्या बैठकींना वंगणासारखा जपत असे. मिस्त्रींकडे येणाऱ्या टेम्पोंपैकी सीएनजीवाल्यांचे टॅपेट ते आवाज येण्याची वाट न पाहता मोजतात. मालक पैसे देताना कुरकुर करतात, कारण काय दुरुस्त झाले ते त्यांना ऐकू येत नाही.

बाराच्या सुमारास नवे पॅकिंग घालून कव्हर बसले, मॅनिफोल्डचे नट आवळले गेले, आणि इंजिन पुन्हा सुरू झाले. फट्‌फट् गेली होती, मोठा ठोका गेला होता. पण कान लावला, तर आत कुठेतरी, दूरच्या खोलीतल्या घड्याळासारखी, एक मंद टिकटिक राहिली होती. मी मिस्त्रींकडे पाहिले.

“तेवढी राहू द्या.”

“पण ती पूर्ण जाणार नाही का?”

“जाईल की. मागच्या माणसानं घालवली होतीच ना?” रॉकेलच्या डब्यात हात बुडवत ते म्हणाले. पोऱ्याने साबण पुढे केला. मशिदीचा भोंगा खरखरला. पाचशे किलोमीटर चालवून गाडी पुन्हा आणा, घासलेल्या रॉकरचा भरवसा तेव्हा सांगेन, अर्थात शुक्रवारीच, असे बजावून त्यांनी मजुरीचा आकडा सांगितला, त्यात पॅकिंगचे पैसे वेगळे धरले, आणि ते टोपी घालून बाहेर पडले.

परतताना अंजूरफाटा, पूर्णा, काल्हेर मागे टाकून कशेळीच्या पुलाशी आलो, तो गोदामांकडून निघालेल्या कंटेनरांची रांग खाडीपर्यंत तुंबलेली. मी गाडीची काच वर केली आणि पुढे वाकून ऐकू लागलो. टिकटिक चालू होती. रांग हलल्याचे माझ्या ध्यानात आले नाही. मागच्या कंटेनरवाल्याने असा काही भोंगा वाजवला, की पुढची दहा मिनिटे मला इंजिनच काय, काहीच ऐकू आले नाही.